तात्यांचा खिशातला आरसा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाबद्दल लिहिण्याइतकं मला कळतं असं नाही. तरीही कन्हेरीच्या गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या तात्यांबद्दल लिहितो आहे. चुकलं तर माफ करावं.

गूळ तयार झाला की नाही, हे तात्या चाखून ठरवत नाहीत. कढईतल्या उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकतात आणि बोटांत त्याची गोळी वळते का ते पाहतात. येणाऱ्याच्या हातावर गरम गूळ ठेवतात, स्वतः मात्र खात नाहीत. "शुगर हाय मला. मी वासावरच पोट भरतो," म्हणून हसतात.

शुगरमुळे पायाला जखम झालेली कळत नाही, म्हणून काम संपलं की ते खिशातल्या आरशात रोज स्वतःचे तळपाय न्याहाळतात. यंदा त्यांना अंगठ्याखाली जखम दिसली. डॉक्टर म्हणाले, "चिघळली तर अंगठा काढावा लागेल. अनवाणी चालू नका." पण गुऱ्हाळात कढईपाशी पायताण घालून कुणी जात नाही. दुसऱ्याच दिवशी तात्या नवे कोरे कापडी बूट घालून तिथं उभे राहिले.

चुलीत जळण घालणारा ओरडला, "तात्या, लगीन ठरलं काय? नवं बूट!"

"ठरलंय की. अंगठा वाचला की वरात काढू, तू म्होरं नाच."

परीक्षेमुळे महिनाभर मला तिकडे जाता आलं नाही. काल बारामतीच्या बसमध्ये तोच जळणवाला भेटला. मी भीतभीतच तात्यांचं विचारलं.

"जखम भरली. अंगठा वाचला," तो म्हणाला. "आन् मला गुऱ्हाळावर नाचाय लावलं गड्या, सोडलंच न्हाय!"