नायबुवांची भिंत

नायबुवा तोंड उघडत ते 'नाय' म्हणायलाच. खरं नाव कुणी घेत नसे. रत्नागिरीजवळ, पावस गावाच्या अलीकडे, दुबईला गेलेल्या एका कुटुंबाचं पडीक घर आम्ही विकत घेतलं, तेव्हा वाडीतल्या लोकांनी हाच गवंडी सुचवला. मला हा माणूस पहिल्या दिवशी आवडला नाही आणि पुढेही कधी आवडला नाही.

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती. बायकोला दमा, मुंबईची हवा सोडा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे मला घाई. बुवांनी घराला फेरी मारली, जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "नाय. चुना भिजवून मुरवाया लागतो. दिवाळीनंतर बगू."

"पावसाआधी राहायला यायचंय आम्हाला."

"मंग छत्री घेऊन या."

दुसऱ्याचं ऐकणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. कौलं, दारं त्यांनी उत्तम करून घेतली, हे कबूल. पण मी काही सुचवलं की थापी खाली ठेवून ते माडाकडे बघत बसत, मी गप्प होईपर्यंत. शेवटी भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचा, असा मी हुकूमच सोडला.

"चिरा पानी पितो तसा सोडतो पन," ते म्हणाले. "सिमीट थापलंत तर आतलं पानी जायाचं कुटं?"

"मला शिकवू नका. जमत नसेल तर चालते व्हा."

त्यांनी ओळंबा आणि थापी गोणपाटात गुंडाळली आणि खरंच चालते झाले.

शहरातून आणलेल्या कंत्राटदाराने आठ दिवसांत भिंती गुळगुळीत करून दिल्या. आम्ही राहायला आलो. बुवा रस्त्याने जाताना घराकडे बघून पचकन थुंकत. मीही खिडकी धाडकन लावून घेई.

आषाढात गिलाव्याला फोड आले, मग काळी बुरशी. श्रावण लागला तेव्हा बायकोला एक वाक्य एका दमात पुरं करता येईना. "चहा... ठेवते..." एवढ्यावरच धाप लागे. मी घाबरलो. नाक मुठीत धरून बुवांच्या दारात गेलो.

"नाय. तुमच्याकडं पाय ठेवनार नाय."

त्यांच्याच अंगणात त्यांच्यावर ओरडून मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन ते हजर. माझ्याकडे न बघता आत शिरले. "वयनी, पडवीत बसा. धूळ उडंल." दिवसभर सिमेंट फोडलं आणि मला म्हणाले, "तुमी थापलंत, तुमीच उचला." तीन दिवस मी घमेली वाहिली, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत. दिवाळीनंतर त्यांनी मुरवलेल्या चुन्याचा हात दिला.

पुढे दर श्रावणात ते न बोलावता येत. कसे आहात नाही, काही नाही. चपला काढून थेट बायकोच्या खोलीतल्या भिंतीवर तळवा ठेवत, "सुकी हाय" म्हणत आणि निघत. चहालाही 'नाय'. "भिंतीची चौकशी करतो, माणसाची नाही!" मी चरफडायचो. बायको नुसती हसायची.

बुवा गेले ते एका उन्हाळ्यात. शेवटपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललो नाही. त्याचं वाईट वाटतं, आणि त्या छत्रीचा रागही अजून येतो. त्या वर्षी श्रावणात पाऊस कोसळत होता, कुणी येणार नव्हतं. मीच उठलो आणि भिंतीला तळवा लावला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय हो, सुकी आहे ना भिंत, की अजून त्यांच्याशी भांडताय मनातल्या मनात?"

एका दमात विचारलं.