मिनसानला दिलेली शपथ

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. तो ऑफिसला गेलाय, लेक शाळेत आहे. आता सांगितलं नाही, तर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी पुन्हा उठून जाईन.

मी सुभेदाराची मुलगी. साताऱ्याकडच्या आमच्या घरात देवघराशेजारी अण्णांच्या कसम परेडचा, सैन्यात शपथ घेतानाचा, फोटो लावलाय. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, असं गाव त्यांना म्हणतं, आणि त्याचा मला भारी तोरा. तुम्ही म्हणाल, तोक्योत ओजिमाला राहणाऱ्या, बेंतोच्या कारखान्यात डब्यांत भात भरणाऱ्या बाईला कसला आलाय तोरा? पण तोच नडला.

लाइनवर माझ्या शेजारी म्यानमारचा मिनसान उभा असायचा — इथे सगळ्यांच्याच नावापुढे 'सान' लावतात, आपल्या 'जी'सारखं. माझ्याहून बराच लहान. मला 'अमा' म्हणायचा — त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. दोघांचंही जपानी मोडकंतोडकं, पण गप्पांना खंड नसायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं सांगितलं, की तो तिकडे सैन्यात होता. शपथ घेतलेला शिपाई. देशात यादवी पेटली आणि त्याच्या तुकडीला हुकूम आला — त्याच्याच आजोळच्या गावावर चालून जायचा. त्यानं बंदूक खाली ठेवली आणि सीमा ओलांडली. धाकटा भाऊ मात्र अजून तिकडेच, गणवेशात.

कुणाला सांगू नका, म्हणाला. त्याच्या खोलीतले, आमच्या लाइनवरचे बहुतेक त्याच्याच देशातले. लाइनवरच्याच थीदासानचं, त्या बाईचं, तर घर सैनिकांनी जाळलेलं. मी गळ्याला चिमटा घेऊन म्हटलं, गळ्याशपथ. त्याला गंमत वाटली. त्यानंही स्वतःच्या गळ्याला चिमटा घेऊन पाहिला.

तेव्हा त्याला धीर द्यायला हवा होता, नाही का? मी काय म्हणाले? आमच्या अण्णांनी असं कधी केलं नसतं.

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "अमा, त्यांना तुमच्याच गावावर पाठवलं असतं तर?"

मला राग आला. उत्तर सुचत नव्हतं म्हणून आला — हे आज कळतं. तेव्हा वाटलं, पळून आलेला हा पोरगा अण्णांना स्वतःच्या पंगतीला बसवतोय. बरेच दिवस मी धुसफुसत राहिले. मग एकदा कपडे बदलायच्या खोलीत थीदासाननं सहज विचारलं, मिनसान घरच्यांविषयी का बोलत नाही? आणि मी — सांगितलं. तोंडातून निसटलं, असं नाही. टोपीखाली केस खोचत, सावकाश सांगितलं. तो शिपाई होता, म्हणाले. पळून का आला, ते मात्र सांगितलं नाही. तेवढंच गाळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेना. मग खोली सोडावी लागली. त्यानं खरं सांगून पाहिलं असेल, पण आता कोण विश्वास ठेवणार? शेवटी त्यानं होक्काइदोला गाईंच्या गोठ्यावर काम धरलं.

गेल्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा मिनसानचा प्रश्न मी अण्णांना विचारला. त्यांनी फोटोकडे पाहिलं. "माझ्यावर ती वेळ आली नाही, बाळ," म्हणाले. "एवढंच."

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंय. तो निघाला त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते — एकटीच. माझे दोन्ही हात धरून तो म्हणाला, की तिकडून कुणीतरी कळवलं असणार. इथे फक्त तुम्हालाच माहीत होतं, आणि तुम्ही शब्द पाळलात. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

गाडीचं दार मिटताना त्यानं हसून गळ्याला चिमटा घेऊन दाखवला.

मीही घेतला.