पंचेचाळीस फेऱ्यांचं भांडण

माझ्या थोरल्या भावाला मी गिऱ्हाइकासमोर आंधळा ठरवलं, आणि त्या वेळी मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नांदेडात आमची दोन दुकानं, मधे एक भिंत. दोघंही जुने रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो. काम मला दादानंच शिकवलं, पण शिकवताना जो पाणउतारा केला तो मी विसरलो न्हाई. माझी पन्नाशी उलटली तरी मी काही खोललं की हा बाबा दारात हजर. "हात काढ, बघू दे मला." आणि दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं. डोकं फिरायचं माझं.

उन्हाळ्यात लातूरच्या एका हॉटेलवाल्यानं दादाकडं ज्यूकबॉक्स आणला. नाणं टाकलं की आपोआप रेकॉर्ड उचलून वाजवणारी ती कपाटाएवढी पेटी. हैदराबादेतलं कुठलं तरी इराणी हॉटेल बंद पडलं, तिथून उचललेली. यंत्र परदेशी, तिथल्या जास्त वेगाच्या विजेवर चालायचं, त्यामुळं आपल्याकडं टर्नटेबल हळू फिरायचं. दादानं मोटरच्या दांड्यावर पितळेचं बुश, म्हणजे बारकं नळकांडं, बसवून स्पीड जमवला; दांडा जाड तेवढा स्पीड जास्त. मिनिटाला पंचेचाळीस फेरे, एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई.

हॉटेलवाला न्यायला आला तेव्हा नेमकी लाईट गेलेली, गल्लीचा जनरेटर सुरू. गाणं लावलं आणि त्यानं कपाळावरचं भस्म आठीत दुमडलं. "मिस्त्री, गाणं रेंगाळून राहिलंय की."

दादानं रेघा छापलेला गोल कागद टर्नटेबलवर ठेवला. ट्यूबलाईटखाली तो कागद फिरवला आणि रेघा थांबल्यासारख्या दिसल्या, की स्पीड बरोबर. दादा वाकला, बघितलं, म्हणाला, "रेघा जागच्या जागी हायत. मशीन बरोबर हाय."

मी भिंतीपलीकडून ऐकतच होतो. आलो, टर्नटेबलवर खडूची खूण केली, मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि मोठ्यानं फेरे मोजले. बेचाळीस!

दादानं पुन्हा कागदाकडं बघितलं. त्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्याचं व्हायचं होतं. मला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी ते बोललो. "दादा, डोळे गेले तुझे. आता तरी लोकांच्या मशिनीची वाट लावायची बंद कर."

पेटी मी माझ्या दुकानात ओढली, बुशवर एक रबरी नळी चढवून ते जाड केलं, जनरेटर चालू होता तोवरच पंचेचाळीस फेरे मोजून दाखवले. हॉटेलवाला खूश होऊन पेटी टेम्पोत घालून घेऊन गेला.

त्यानंतर दादाकडं आलेलं गिऱ्हाईक तो माझ्याकडं धाडू लागला. "मला दिसत न्हाई, तिकडं जावा." सोल्डरिंग बंद केलं. मग दुपारीच शटर ओढू लागला. वहिनी म्हणाली, "घरात ताटातला खडासुद्धा दिसतो त्यांना, दुकानातच काय होतं?" मी म्हणलं, वय झालं. किती निर्लज्ज असावं माणसानं!

महिन्याभरानं लातूरहून फोन. "अहो, गाणं पळून राहिलंय! बाई गाती का चिमणी, कळंना." मी तणतणत लातूर गाठलं. गिऱ्हाइकाचेच कान खराब, असं मनाशी पक्कं करून गेलो होतो. खडूची खूण केली, फेरे मोजले. अठ्ठेचाळीस.

"जनरेटर चालू हाय का?" मी विचारलं.

"छ्या! लाईट हाय की."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्या गल्लीतला जनरेटरवाला डिझेल वाचवायला इंजिन हळू चालवतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत. इंजिन हळू तर वीज हळू, मोटरही हळू. आणि त्याच विजेवरच्या ट्यूबलाईटची, डोळ्याला न कळणारी लुकलुक पण तेवढीच हळू, म्हणून कागदावरच्या रेघा थांबलेल्याच दिसणार. दादाला जे दिसलं ते अगदी खरं होतं. मी ब्लेडनं ती रबरी नळी कापून फेकली. पंचेचाळीस! दादाचं बुश जसंच्या तसं बरोबर होतं.

परतीच्या एसटीत लोहा गाव येईपर्यंत मी जनरेटरवाल्याला मनात शिव्या दिल्या. लोह्याच्या पुढं त्याच शिव्या मला लागू व्हायला लागल्या.

दादा दुकानात हत्यारं पोत्यात भरत होता. मी उभ्या उभ्याच म्हणलं, "दादा, तुझे डोळे ठीक हायत. जनरेटरचा घोळ होता. माझं चुकलं."

त्यानं पक्कड खाली ठेवली. "जन्मात कधी म्हणलास का, माझं चुकलं?"

"न्हाई."

"मग आज का म्हणून राहिलास? डॉक्टर तुला काय बोलला?"

"अरे, डॉक्टरचा काय संबंध! लातूरला जाऊन मोजून आलो मी!"

"मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिलास. तुझ्या वहिनीनं धाडलं ना तुला?"

माझं डोकंच सटकलं. त्याच्याच फळीवरचा रेकॉर्ड प्लेअर खाली घेतला, टर्नटेबलवर रेघांचा कागद टाकला, लाईट होतीच, ट्यूबलाईटखाली लावला. घड्याळ लावून फेरे मोजले, पंचेचाळीस भरले. रेघा अशा उभ्या, की एक जागची हलंना. "बघ!" मी ओरडलो. "बघ ना आता, तुझ्या डोळ्यानं बघ!"

दादा वाकला. चष्मा काढून पुसला, परत घातला, पुन्हा वाकला. लई वेळ बघत राहिला. मग मान वर न करता, दबक्या आवाजात त्यानं मला विचारलं, "खरंच थांबल्यात का रे?"