वचनाची जमीन आणि मिक्सरचा खोका

लग्नानंतर जपानच्या विमानात बसल्या बसल्या नितीनने मला वचन दिलं होतं, "तीन वर्षं काढू, मग तळेगावला स्वतःची जागा." त्याला आता अकरा वर्षं झाली. आणि परवा हा बाबा नागोयातल्या एका घराची कागदपत्रं घेऊन आला! सोमवारी सही हवी म्हणे. मी तोंड फुगवलं आणि रविवारी सकाळी कोबेला हन्नामावशींकडे निघाले. मला माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं होतं.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मूळच्या अलिबागच्या. यजमान मोत्यांच्या व्यापारात, म्हणून तरुणपणीच इथे आल्या. ओसाकाच्या दिवाळी कार्यक्रमात चकलीच्या रांगेत आमची ओळख झाली. देवाने जमीन कबूल केलेल्या लोकांपैकी माझ्या ओळखीच्या त्या एकट्याच, तेव्हा निकाल माझ्या बाजूने लागणार याची खात्री होती.

जाणाऱ्यांसाठी माहिती: नागोयाहून शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तासाभरात पोचवते. मी काटकसर म्हणून साध्या गाडीने, माइबाराला बदलून गेले. भाडं निम्म्याहून कमी, वेळ तिप्पट. वाचलेले पैसे कोनबिनी नावाच्या कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी, ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, आणि एका अनावश्यक छत्रीवर उडवले. कोबेच्या सान्नोमिया स्टेशनवरून मावशींच्या घरापर्यंत असा चढ आहे, की दारात पोचले तेव्हा भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

मावशींनी मलिदा केला होता. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर केळ्याचे काप. खाता खाता मी गाऱ्हाणं सुरू केलं. "इथे धड कोथिंबीरसुद्धा मिळत नाही हो! मिळते ती चार काड्या."

मावशी खो खो हसल्या. "अगं, मोशेबरोबर इजिप्तमधून निघालेले आमचे पूर्वज असेच होते. पुढ्यात दुधामधाचा देश कबूल केलेला, आणि हे वाळवंटात बसून काकडी, कांदा, लसूण म्हणून रडतायत. चाळीस वर्षं लागली."

"मला अकराच झालीत," मी म्हटलं. "पण मावशी, वचन ते वचन ना?"

"हो तर. पण देवाने जमिनीचा करार केला तेव्हा आमचा मूळपुरुष अब्राहाम गाढ झोपला होता. वचन देणारा एकटा जागा."

आमच्याकडे नेमकं उलटं. वचन देणारा डोळ्यांवर पट्टी लावून पेंगत होता आणि मी टक्क जागी. मला तर सीटचा नंबरही पाठ आहे.

दुपारी मावशी मला टॅक्सीने डोंगरावरच्या परदेशी लोकांच्या कब्रस्तानात घेऊन गेल्या. आत फक्त नातेवाइकांना सोडतात. मावशींनी रखवालदाराला बिनदिक्कत सांगितलं, "भाची." मी घाबरून तीनदा जास्तच वाकले.

यजमानांच्या कबरीवर हिब्रू आणि मराठी, दोन्ही अक्षरं होती. मावशींनी फुलांच्या जागी एक खडा उचलून दगडावर ठेवला, त्यांच्यात तशीच रीत.

"माझे भाऊ केव्हाच इस्राएलला गेले. मलाही म्हणतात, ये, आपली जमीन आहे."

"मग?"

"अब्राहामाला एवढा देश कबूल झालेला. पण सारा गेली तेव्हा तिला पुरायला हातभर जागा नव्हती त्याच्याकडे. मी इथे उपरा आहे, म्हणाला, आणि पूर्ण किंमत मोजून शेत घेतलं. त्या देशात पहिली जागा त्याच्या नावावर झाली ती बायकोची कबर." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "माझीही एवढीच. यांना एकटं टाकून कुठे जाऊ?"

मला रडूच आलं. तळेगावचा विषय मी पुन्हा काढला नाही.

सोमवार आमच्याकडे पुठ्ठे टाकायचा दिवस. कपाटात अकरा वर्षांचे रिकामे खोके होते. टीव्हीचा, कुकरचा, इस्त्रीचा. परत जाताना लागतील म्हणून मी एकही टाकला नव्हता! नितीन उठायच्या आत सगळे चपटे करून सुतळीने बांधले. तो आला तेव्हा म्हटलं, "कर सही. वचनातून मोकळा केला तुला."

गठ्ठ्यातून त्याने मिक्सरचा खोका ओढून काढला. त्यावर त्याच्या बाबांचं अक्षर होतं. पाठवणारा म्हणून पुण्याचा पत्ता, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नाजूक, सांभाळून'. बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

"हा नको टाकूस," तो म्हणाला, आणि चपटा खोका उलगडून पुन्हा चौकोनी करत बसला.

अकरा वर्षं मला वाटत होतं, परत जायचंय ते मलाच. दुपारी आम्ही दोघांनी सही केली. नव्या घरात सगळ्यात आधी काय न्यायचं, ते सकाळीच ठरलं होतं.