न गळणारा डबा

अरे,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला कुणी पत्र लिहीत नाही, म्हणून तुला मी जन्मात पत्र लिहिलं नाही. आता तू जाऊन आठ महिने झाले, म्हणजे टपालाचाही प्रश्न उरला नाही. तुझ्यामागे लोक जे बोलले ते ऐकून माझं डोकं उठलं. म्हणे साधा होता, सरळ होता, मनमिळाऊ होता. तू साधा नव्हतास. सरळ तर मुळीच नव्हतास. आणि मनमिळाऊ असतास तर शेजारच्या सुताराशी अकरा वर्षं अबोला धरला नसतास. तेव्हा म्हटलं, काय होतास ते एकदा नीट लिहावं. पण तुझी गोष्ट तुलाच सांगायला बसले तर दर वाक्याला तू म्हणणार, "तसं नव्हतं, ताई." म्हणून आता गप्प बस. तुला मी 'तो' म्हणते, मला 'ताई' म्हणते, आणि कुणालाही कळेल असं पहिल्यापासून सांगते.

तो पत्रेकाम करायचा. दुकान वडिलांचं. दोन मुलांपैकी थोरली अभ्यासात बरी निघाली, ती कॉलेजात गेली आणि पुढे चौतीस वर्षं भूमिती शिकवत राहिली. धाकट्यानं नववीत शाळा सोडून पत्र्याची कात्री हातात घेतली. कुणावर अन्याय झाला असं दोघांनाही वाटलं नाही. फक्त भांडण फार चढलं की तो म्हणायचा, "तू काटकोन फळ्यावर काढलेस, मी पत्र्यात काढले. तुझे रोज पुसले जात होते."

त्याचा एक नियम होता. डबा तयार झाला की तो पाण्यानं काठोकाठ भरायचा आणि वर्तमानपत्रावर ठेवायचा. तासाभरानं कागद कोरडा असला तरच डबा दुकानाबाहेर पडणार. पिठाचा असो, रंगाचा असो, परीक्षा तीच. एकदा खिळे ठेवायला डबा हवा म्हणून आलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघून वैतागलं. "अहो, खिळे काय गळणार आहेत का?"

"खिळे नाही गळत," तो म्हणाला. "नाव गळतं."

प्लॅस्टिक आल्यावर डबे कोण घेणार? दुकान हळूहळू थंडावलं. बायको आधीच गेलेली. मुलगा दुसरीकडे नोकरीला. अडुसष्टाव्या वर्षी तो रोज सकाळी दुकान उघडून, कात्रीला तेल देऊन, रस्त्याकडे बघत बसायचा. अशात बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानाची मालकीण त्याच्याकडे आली. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिला बारीक सामानासाठी साठ खणांचं पत्र्याचं कपाट हवं होतं. तो माप घ्यायला गेला, तर तिच्या टेबलावर अंगठ्याएवढी एक हिरवी पट्टी निळा दिवा मिचकावत पडलेली.

"हे काय करतं?"

"तुम्ही सांगाल ते. वर तारेशिवाय निरोपही पाठवतं."

"सांगेल ते करणारं आमच्या घरात आजवर कुणी झालं नाही," तो म्हणाला. "एक द्या."

ही पट्टी त्याला नुसती गंमत म्हणून नको होती. कारण ताईचं प्रकरण तेव्हा ऐरणीवर आलं होतं. ताई एकटी राहायची. त्या वर्षी ती एकदा गॅस चालू ठेवून वाचनालयात गेली, आणि एकदा न्हाणीघरात घसरून दीड तास तिथेच पडून राहिली. तिची लेक परगावी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं, "आई, आता तिसऱ्यांदा काही झालं की तू माझ्याकडे. मग रडायचं नाही."

"रडतं कोण? भांडेन मात्र."

"भांड. पण सामान बांधून भांड."

ताईचं सामान म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, चार भिंती पुस्तकं आणि कुणालाही न विचारता दार लावून घ्यायची मुभा. शेवटची वस्तू बांधून नेता येत नाही. हे त्याला कळत होतं. तो कामाला लागला.

बेत साधा होता. ताई रोज सहा-सव्वासहाला उठते आणि आधी चहाचा डबा फळीवरून काढते. डब्याच्या बुडाला चुंबक, फळीला चुंबकावर चालणारं बारीकसं बटण, आणि बटणाला ती पट्टी जोडलेली. डबा उचलला की पट्टी घरातल्या वायफायवरून त्याच्या फोनवर एक शब्द पाठवणार, 'उठली'. पट्टीला आज्ञा लिहून द्याव्या लागतात, त्याही इंग्रजीत. मग रोज संध्याकाळी तो ताईच्या टेबलाशी बसू लागला. यंत्राची नाराजी पडद्यावर उमटली की ताई ती वाचून मराठीत सांगायची.

"सतराव्या ओळीत कंस उघडलास तो बंद केला नाहीस."

"कळलं नाही का त्याला एवढं?"

"तुला सांगेल ते करणारं हवं होतं ना? हे फक्त सांगितलेलंच करतं."

महिनाभरानं एका सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी त्याचा फोन वाजला. 'उठली'. त्यानं अंथरुणातूनच ताईला फोन लावला. तिनं उचलला नाही. नऊच्या आधी फोन उचलायचा नाही हा तिचा नोकरीपासूनचा बाणा. नऊला एकच म्हणाली, "अरे, आता तर मी काही न बोलताच बोलते तुझ्याशी. फोन कशाला?"

तीन आठवडे निरोप बिनचूक आला. पट्टी मात्र फळीखाली रबरबँडनं लटकत होती, तारा बाहेर, वर पिठाची धूळ. ताईला ते बघवेना. "आतडी बाहेर काढून ठेवल्यासारखं दिसतं. तू स्वतःला कारागीर म्हणवतोस आणि याला साधं घर नाही?"

घ्या. हे असं बोलायला नको होतं. त्यानं दोन दिवस खपून डबा केला. वीतभर लांबीचा, कडा आतून दुमडलेल्या, सगळे सांधे कथलाच्या डागानं बुजवलेले, झाकणाला चार स्क्रू आणि झाकण घट्ट बसावं म्हणून आत पत्र्याची दुसरी कड. तारा बाहेर काढायला झाकणालगत एकच भोक, तेही तारांच्या मापाचं. भोकाखालपर्यंत पाणी भरून तासभर कागदावर ठेवला. कागद कोरडा. संध्याकाळी त्यानं पट्टी डब्यात बसवली, चहाचा डबा उचलून पाहिला, फोनवर निरोप आला. मग त्यानं झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले, हात पुसले आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहा झाले, फोन गप्प. साडेसहा झाले. पावणेसातला त्यानं ताईला फोन केला. अर्थातच उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. हत्यारांची पिशवी घेऊन, गुडघा धरून त्यानं दोन गल्ल्या पार केल्या. दार आतून बंद. हाका मारल्या, दार बडवलं, आतून हूं नाही की चूं नाही. मग त्यानं पिशवीतली छिन्नी काढली आणि बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या. दार भिंतीला टेकवून आत शिरतो तो ताई डोक्याला टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर येत होती.

"दार कुठाय?" तिनं विचारलं.

"हे काय, भिंतीला."

"मी पाणी ओतत होते. कानावर पाणी पडताना ऐकू येतं का कुणाला?"

तोवर जिन्यात शेजारी जमले होते. त्यांतल्या एका काळजीवाहू बाईंनी ताईच्या लेकीला लगोलग कळवलं, की तुमच्या आईचं दार उखडावं लागलं. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. लेकीचा फोन आला. "झालं तिसरं. रविवारी गाडी घेऊन येते."

त्याला वाटलं, पट्टी दगा देऊन गेली. स्क्रू काढून, डबा बगलेत मारून तो तडक मालकिणीकडे गेला. "तुमचा माल मेलाय," म्हणाला.

तिनं दुकानातलं वायफाय आणि एक साधं बटण जोडून पट्टी डब्यातच चालू केली. बटण दाबलं, निरोप आला. मग झाकण बसवून तिनं चारही स्क्रू आवळले. बटण दाबलं. काही नाही. झाकण काढलं, आला. लावलं, नाही. असं तिनं तीनदा केलं, आणि मग डबा उजेडात धरून सांधे बघत राहिली.

"काका, या लहरी पत्र्यातून जात नाहीत. कुठे फट असली तर थोड्या निसटतात. तुमच्या डब्याला फटच नाही."

"म्हणजे वाईट केला असता तर चालला असता?"

"बहुतेक."

पन्नास वर्षं ज्या कसबावर माणूस पोट भरतो, मान मिळवतो, तेच एक दिवस बहिणीचं घर घालवायला निघालं तर करायचं काय? पट्टी मेली असं सांगणं सोपं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. पण मग लेक म्हणणार, अशा मरणाऱ्या वस्तूवर आईला मी ठेवू? आणि ते तिचं खरं असणार.

रविवारी लेक आली. दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली. तो आधीच येऊन बसला होता. डबा टेबलावर.

"मामा, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधेच आहे. दार मी काढलं. आणि निरोप अडला तो माझ्या डब्यामुळे. हा बघ." त्यानं तिच्यासमोर झाकण लावून, काढून दाखवलं. "हिला काही झालं नव्हतं. ही वेळेवर उठली, डबा उचलला, चहा प्यायली. चुकलो मी. पत्रेवाला असून पत्र्यात चुकलो."

लेकीनं डबा हातात घेतला, खालीवर करून पाहिला. "म्हणजे आईचं काहीच चुकलं नाही?"

"चुकलं. नऊच्या आधी फोन उचलत नाही. पण ती खोड जुनी आहे. त्यावरून घराबाहेर काढायचं तर तुझ्या जन्माआधी काढायला हवं होतं."

त्यानं डबा लेकीच्या हातून घेऊन परत टेबलावर ठेवला.

लेक रात्री जेवून, बॅगा तशाच रिकाम्या घेऊन गेली. दोन अटी घालून गेली. निरोप तिच्याही फोनवर यायला हवा, आणि ताईनं सातनंतर फोन उचलायला हवा. पट्टी प्लॅस्टिकच्या साबणदाणीत बसली. गुलाबी, झाकण धड न लागणारी. ती बघून तो दर वेळी तोंड फिरवायचा.

आता 'तो' पुरे.

त्या रविवारी रात्री घरी जाताना तू टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणालास, "ताई, हा गुरुवारी वाचनालयात जाताना दुकानात टाक. बाजूला खिडकी कापतो, तिथे प्लॅस्टिक बसवतो. मग चालेल." मी हो म्हटलं. गुरुवारी विसरले असं सांगितलं. पुढच्या गुरुवारीही. तू म्हणालास, "अशी विसरत राहिलीस तर तुझ्या लेकीला कळवावं लागेल." अडीच वर्षं तू आठवण करत राहिलास आणि मी, जिला विसरते म्हणून घर सोडावं लागणार होतं, दर वेळी सांगत राहिले, विसरले.

विसरले नव्हते. त्या पत्र्याला तू कात्री लावणार होतास, ते मला नको होतं. हे तोंडावर सांगायला काय झालं होतं, कोण जाणे.

साबणदाणी अजून रोज सकाळी कळवते, एकट्या लेकीला. डबा दाराशी पिशवीत आहे. गुरुवारी टाकते म्हणाले होते.