डबीतलं मीठ आणि दोन खजूर

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. मी रांगेत मध्येच कशी घुसते, भांडणात हरायला लागले की डोळ्यांत पाणी कसं आणते — सगळं. हे एक सोडून. आईला सांगेन म्हणत राहिले, तोवर आई गेली. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही समोर नाही आहात म्हणून. समोर कुणी असलं की माझी जीभ दुसरीकडेच वळते. ती तशी वळते हे मला फार जुन्या अनुभवाने माहीत आहे.

जरा आडवळणानेच येते. चालेल ना?

गेली बरीच वर्षं मी, आहारतज्ज्ञांना सरकारी परवाना सक्तीचा करा, असं म्हणणाऱ्या मंडळींत असते. सभांमधून बोलते. डॉक्टरला परवाना लागतो, औषधाच्या दुकानाला लागतो, रिक्षावाल्यालासुद्धा लागतो. मग माणसाच्या पोटात काय जावं हे ठरवणाऱ्याला का नको? हे माझं ठेवणीतलं वाक्य. टाळ्या हमखास पडतात. जिममधला कुणीतरी मधुमेह्याला डबे विकतो, कुठलीशी ताई मोबाइलवरून किडनीच्या पेशंटला रस प्यायला सांगते — मी तावातावाने उदाहरणं देते. लोक म्हणतात, बाईंना किती तळमळ आहे. आहे ना. खोटी नाही ती. फक्त ती कुठून आली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

सौदीतल्या जुबैलमधून आली.

इराकने कुवेत गिळलं त्या वर्षी आम्ही जुबैलला होतो. नवरा एका कारखान्यात इंजिनिअर, मी एका खासगी हॉस्पिटलच्या डाएट किचनमध्ये. माझ्याकडे मुंबईची होम सायन्सची पदवी होती, तिथल्या मंत्रालयाचा परवाना नव्हता. त्यामुळे माझं काम स्वयंपाकघरापुरतं: कुणाच्या ट्रेमध्ये काय गेलं, काय परत आलं, एवढं बघायचं. पेशंटला सल्ला द्यायचा नाही. तो अधिकार आमच्या मुख्य बाईंचा. त्या इंग्लंडच्या, परवानाधारक, कडक. मला तो नियम अपमानासारखा वाटायचा. एका कागदापायी मी भाजी मोजत बसायची? मी काय कमी शिकले होते? — होते. पण ते कळायला वेळ लागला.

युद्ध होणार असं दिसायला लागलं तशी माणसं गळायला लागली. आमच्या मुख्य बाई डिसेंबरात सुट्टीवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांचं कपाट माझ्याकडे आलं. मॅनेजर म्हणाला, परवान्याचं नंतर बघू, तू सांभाळ. मी सांभाळलं. खरं सांगू? बरं वाटलं. माणसं घाबरून पळत होती आणि मला बढती मिळाल्याचा आनंद झाला होता.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये रशीदभाई आणि सकीनाभाभी राहायचे. दापोलीकडचे. मी चिपळूणची, म्हणजे तिथे वाळवंटात आम्ही एका गल्लीतलेच म्हणायचे. रशीदभाई एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर होते. त्यांचा पासपोर्ट कफीलाकडे, म्हणजे व्हिसा देऊन आणणाऱ्या तिथल्या मालकाकडे, आणि कफील म्हणायचा, युद्ध नाही होणार, यल्ला, कामावर चला. मुलं गावी आजीकडे होती. रशीदभाईंच्या किडन्या अर्ध्याच काम करत होत्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. कोकणातल्या माणसाला अळणी सुरमई म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

जानेवारीत सायरन वाजायला लागले. विषारी वायूच्या भीतीने आमच्या आतल्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि टेप लावली होती, म्हणून सायरन झाला की ती दोघंही आमच्याकडे येत. दाराखाली ओला टॉवेल, तोंडावर मास्क. धोका टळल्याचा भोंगा वाजला की रशीदभाई खिशातून खजुराची पुडी काढायचे. वाचलो, तोंड गोड करा. सगळ्यांना एकेक, कधी दोन. डॉक्टरांनी त्यांना खजूरही कमी करायला सांगितलं होतं, पण त्या घटकेला कोण कुणाला अडवणार? मीही खायचे. ते मला सगळ्यांसमोर ‘डॉक्टरीण’ म्हणायचे. थट्टेने म्हणायचे, तरी मला आवडायचं.

एका दुपारी असाच भोंगा झाल्यावर मास्क काढून ते म्हणाले, “डॉक्टरीण, बाँबनं मरायचं तर मरू. पण अळणी खाऊन नको हो.”

सगळे हसले. मीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी मुख्य बाईंच्या कपाटातून मी एक बाटली काढली. मिठाऐवजी वापरायचं मीठ. बाईंनी ते अमेरिकन वसाहतीतून आणलेलं होतं, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं की यात सोडियम नाही. रशीदभाईंना सोडियम नको होतं. म्हणजे जमलंच की! मी ते एका स्टीलच्या डबीत भरलं, छान दिसावं म्हणून, आणि सकीनाभाभींना नेऊन दिलं. बिनधास्त घाला, म्हणाले. डॉक्टरांना विचारायला हवं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी आहे ना.

रशीदभाईंनी त्या दिवशी दोनदा भात घेतला. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. इतकं सुखी मला त्या युद्धात दुसरं कुणी दिसलं नाही.

काही दिवसांनी त्यांच्या हातापायांतलं बळ गेलं. जिना चढवेना. युद्धाची धास्ती, म्हणालो आम्ही. मग एका सकाळी ते न्हाणीच्या दारात कोसळले आणि माझ्या नवऱ्याने त्यांना गाडीत घालून आमच्याच हॉस्पिटलात आणलं. सुदानी डॉक्टर होते, हुशार, परवानाधारक, थकलेले. निम्मे सहकारी पळाल्यामुळे तिघांचं काम एकटे ओढत होते. रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलं आहे, हृदयाचे ठोके बिघडले आहेत, म्हणाले. त्यांनी इलाज लगेच सुरू केला.

पोटॅशियम. हा शब्द ऐकला आणि मी काहीतरी कारण काढून किचनमध्ये गेले. बाटली कपाटातच होती. बारीक अक्षरात खाली लिहिलेलं होतं — त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या रुग्णांनी ते घेऊ नये. हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी त्याचा अर्थ मला पूर्ण लागला असता का? आमच्या मुख्य बाईंना लागला असता. त्यांना बाटली न वाचताही ठाऊक होतं. म्हणून तर तो कागद त्यांच्याकडे होता आणि माझ्याकडे नव्हता.

इथवर अज्ञान आहे. अज्ञानाची कबुली द्यायला मला एवढी वर्षं लागली नसती. पुढचं ऐका.

मी वॉर्डात परत आले तेव्हा डॉक्टर सकीनाभाभींना प्रश्न विचारायचा प्रयत्न करत होते. भाभींना गावची बोली आणि मोडकं हिंदी येई, डॉक्टरांना अरबी आणि इंग्रजी. मला बघून दोघांचे चेहरे उजळले. डॉक्टर म्हणाले, विचार, गेल्या काही दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लं. मी विचारलं.

सकीनाभाभी म्हणाल्या, “वेगळं काय नाय हो ताई. तुमी दिलेलं मीठ घालतंय जेवणात. नि काल त्यांनी दोन खजूर खाल्ले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं — काल दोन खजूर खाल्ले.

एवढंच.

मी अडखळले नाही. घाबरून शब्द सापडला नाही, असंही नाही. मोजून एक वाक्य उचललं आणि दुसरं तिथेच ठेवलं. डोक्यात काय होतं तेही सांगते. परवान्याविना सल्ला दिला हे बाहेर आलं तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. परवाना तर जन्मात मिळणार नाही. रशीदभाईंचा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता.

डॉक्टर थकलेले होते, खजुरातही पोटॅशियम असतं, उत्तर हाताशी आलं होतं. किडनी अशी असताना खजूर कशाला दिले, म्हणून ते भाभींवर चिडले. ते रागावणंही भाषांतर करून मीच त्यांच्यापर्यंत पोचवलं. ते मात्र मी पूर्ण केलं, एक शब्द न गाळता. भाभी पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत राहिल्या. मिठाचं काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी रशीदभाई गेले. मी सांगितलं असतं तरी इलाज तोच झाला असता, हे मी पुढे दोन मोठ्या डॉक्टरांना, कुणा भलत्याच पेशंटची गोष्ट म्हणून, विचारून घेतलं आहे. तोच झाला असता, म्हणाले. त्या उत्तराआड मी पुष्कळ लपले. पण दोन खजुरांचा दोष तरी कुणाच्या पदरात पडला नसता.

त्यांना तिथेच पुरलं. विमानं बंद होती. मी भाभींच्या ओट्यावरची डबी उचलली, सिंकमध्ये रिकामी केली, धुतली आणि घरी आणली. कुणाला काही वाटलं नाही. शेजारीण आवराआवरीला मदत करत होती.

युद्ध संपलं, भाभी गावी गेल्या. मी तिथल्या मंत्रालयाच्या परवान्यासाठी मुलाखतीला बसले. समोर तिघं होते. त्यांतल्या एकीने विचारलं, किडनीच्या रुग्णाला अळणी जेवण जात नाही, काय सुचवाल? मग मी बोलले — लिंबू, व्हिनेगर, आलं-लसूण. पण मिठाऐवजीचं मीठ चुकूनही नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं. त्या बाईंनी मान डोलावली. फार चांगलं उत्तर, म्हणाल्या. परवाना मिळाला. तो आज पुण्याच्या माझ्या दवाखान्यात भिंतीवर आहे.

म्हणून विचारते, परवान्याने काय होतं? पुष्कळ होतं. तो असता तर ती बाटली मी कपाटातून काढलीच नसती. नंतर माझ्या प्रत्येक सल्ल्याखाली माझी सही असायची, आणि सही असली की हात आपोआप जपून चालतो. मी सभेत सांगते ते सगळं खरं आहे. पण परवाना त्या सुदानी डॉक्टरांकडेही होता. आणि मुलाखतीतल्या त्या तिघांना मला काय येतं एवढंच तपासता येत होतं. हे उत्तर कुठे शिकलीस, असं विचारायची सोय त्या परीक्षेत नव्हती. सभेत मी हे अर्धं कधी बोललेले नाही.

बऱ्याच वर्षांनी चिपळूणला गेले असताना मी दापोलीला भाभींकडे गेले. रमजान होता, माझ्या ते लक्षात नव्हतं. सांगायचं ठरवून गेले होते. खरंच ठरवलं होतं. त्यांनी संध्याकाळी थांबवून घेतलं. पाट्यावरची चटणी, भजी, फळं, आणि माझ्यासमोर खजुराची ताटली. अजान झाली. भाभींनी एका वाटीतून चिमूटभर मीठ घेतलं, जिभेवर ठेवलं आणि रोजा सोडला.

मी बघत राहिले तशी म्हणाल्या, “खजूर मी तवापासून नाय खाल्ला, ताई. माझ्याच हातनं गेले ना ते.”

आम्ही दोघीच होतो. भाषांतर करायचं नव्हतं, परवाना जायचा नव्हता, दोघींना एकमेकींची भाषा येत होती. मी ताटलीतला खजूर उचलला आणि खाल्ला. बी काठाशी ठेवली. छान आहे, म्हणाले.

सकीनाभाभी अजून आहेत. दर रमजानला पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी माझ्यासाठी खजुराचा डबा पाठवतात. मी तो घेते.