दार न लावण्याचे दिवस

त्या वर्षी मी गणपतीवर रुसले होते. रुसले म्हणणं सौम्य झालं, खरं तर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. सांगलीला आमच्या घरी तो दरवर्षी यायचा. त्या वर्षी ह्यांच्या डोळ्याचं निघालं आणि चतुर्थीच्या संध्याकाळीच मुंबईची एस.टी. धरायची वेळ आली, म्हणून मूर्ती दिरांकडे बसवली. निघताना पाया पडायला वाकले, पण मनात म्हटलं, इतकी वर्षं तुझ्यासाठी पहाटे उठून उकड काढली, मोदक वळले, आणि आमच्यावर वेळ आली तेव्हा तू दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलास. माझं आणि देवाचं नातं आधीपासून असंच, बहीणभावासारखं. भांडण झालं की अबोला, आणि अबोला सोडायचा तर पहिल्यांदा त्याने सोडायचा.

ह्यांना काचबिंदू झाला होता. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, डाव्याची जात चाललेली. घाटकोपरच्या डॉक्टरांनी पत्राने कळवलं होतं की उशीर करू नका, गेलेली नजर परत येत नसते, आहे ती वाचवू. तेव्हा आम्हाला भीती ऑपरेशनची नव्हती, राहायचं कुठे याची होती. हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण ह्यांना बंद खोलीत झोपता येत नाही. तरुणपणी हे हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. आमच्याकडे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवतात. पेव उघडलं की आत कंदील सोडून हवा बघतात आणि मगच माणूस उतरतो. एकदा घाईत हे तसेच उतरले आणि बेशुद्ध पडले. वर काढलं तेव्हा श्वास चालू होता एवढंच. तेव्हापासून दाराला कडी लागली की ह्यांचा जीव घाबरा होतो, घाम फुटतो, छाती धडधडायला लागते. घरी बारा महिने पडवीत झोपायचे. लग्नाकार्याला गेलो तर वऱ्हाडाच्या खोल्या सोडून मांडवात पथारी टाकायचे आणि सोयरेधायरे म्हणायचे, नवरदेवापेक्षा ह्यांचाच थाट मोठा.

डॉक्टर मनाने चांगले होते, पण बोलायला तुटक. त्यांनी ह्यांचा रक्तदाब बघितला आणि मान हलवली. म्हणाले, "काका, एवढ्या प्रेशरवर मी डोळ्याला सुरी लावणार नाही. प्रवासाने वाढलं असेल. आज रात्री नीट झोपा, सकाळी बघू." हे नीट झोपा म्हणणं किती सोपं असतं. स्टेशनजवळच्या एका लॉजवर आम्हाला खोली मिळाली. खोली म्हणजे मोठ्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेला खण. खिडकी होती, पण ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. मी मॅनेजरला विचारलं, आम्ही दार उघडं ठेवून झोपलो तर चालेल का? तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मावशी, हवा पाहिजे तर चौपाटीवर जा ना. दार उघडं ठेवलं, चोरी झाली, तर वाट माझी लागणार." ह्यांनी ती रात्र जिन्याच्या पायरीवर बसून काढली. मी आत ट्रंकेवर बसून होते. एकमेकांना दिसत नव्हतो, पण जागे आहोत हे दोघांनाही कळत होतं.

सकाळी रक्तदाब आणखी वाढलेला निघाला. डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या सकाळी शेवटचं बघतो. परवापासून मी बाहेरगावी जातोय, पुढची तारीख फार लांबची मिळेल. तोवर तो डोळा थांबणार नाही." मी विचारलं, इथे दवाखान्यातच एक रात्र राहू द्याल का? पण ऑपरेशनच्या दिवसाआधी खाट द्यायची तिथे पद्धत नव्हती आणि वॉर्ड भरलेला होता. म्हणजे ह्यांचा डोळा त्या एका रात्रीच्या झोपेवर येऊन ठेपला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे पैसा, माणसं, वैद्य सगळं असून माणूस एका उघड्या दारापायी अडू शकतो.

मग आम्ही सामान घेऊन लॉज बघत निघालो. एका लॉजला वरच्या मजल्यावर गच्ची होती, पण मालक म्हणाला पावसात गच्चीवर कुणाला झोपवत नाही, आणि खरंच मधूनमधून सरी येत होत्या. दुसरीकडे खोली हवेशीर होती, तर गणपतीचे पाहुणे आधीच उतरलेले. एका ठिकाणी खिडकीला बाहेरून फळ्या ठोकलेल्या होत्या आणि मालक सांगत होता, पंखा आहे ना, मग हवा कशाला पाहिजे. ह्यांचे मावसभाऊ चारकोपला राहायचे, पण एका खोलीत त्यांची सात माणसं आणि वर गणपतीला आलेले पाहुणे. तिथे गेलो असतो तर हे दाराशी नाही, दारात झोपले असते आणि येणारेजाणारे ह्यांना ओलांडून गेले असते. हेही मी हसत म्हटलं, पण हे हसले नाहीत. त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, कारण डाव्या डोळ्याला उजेडाभोवती रंगीत वलयं दिसायला लागली होती. माझ्या मनात राग मावेना. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मांडव, त्यात तो ऐसपैस बसलेला, चहूबाजूंनी मोकळी हवा. मी मान फिरवून चालत राहिले.

चालता चालता आम्ही टेकडीच्या बाजूला आलो. तिथे उतारावर बैठ्या चाळी आहेत, कोकणातल्या लोकांनी बांधलेल्या. ह्यांना घोटभर पाणी हवं होतं. एका चाळीच्या टोकाच्या घराचं दार सताड उघडं दिसलं. आत गणपती बसलेला, आरास साधी, कागदी झुंबरं. पण नवल असं की आत माणूस कुणी नव्हतं. घरातली माणसं बाहेर ओट्यावर बसली होती, तोंडं उतरलेली, जणू स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून आलेली. मी पाणी मागितलं. घरची बाई, माझ्याच वयाची असेल, उठली आणि अडखळत म्हणाली, "पाणी देतंय, पण आमका सुतक आसा. चलात तुमका?" मी म्हटलं, तहानेला कसलं सुतक.

पाणी पिता पिता कळलं ते असं. तिचे सासरे गिरणीत होते. संपानंतर गिरणीचं दार त्यांना कायमचं बंद झालं, तेव्हापासून ते भाजीची गाडी लावत. त्या वर्षी सगळ्यांना गावी जाणं जमलं नाही म्हणून भावकीने मिळून गणपती इथेच बसवला, आणि तो बसला नि दुसऱ्या दिवशी गावाहून तार आली. ते म्हातारे सासरे ओट्यावरूनच मला म्हणाले, "गावाक चुलतो गेलो. ही अख्खी चाळ आमच्याच भावकीची, सगळ्यांका सुतक. आता देवाक हात कोण लावतलो?" समोरच्या चाळीतले एक गृहस्थ येऊन पूजा करून जात होते, पण त्यांच्याही घरी गणपती. रात्री समईजवळ कुणी बसायला नव्हतं. आदल्या रात्री म्हातारे स्वतः उंबऱ्याबाहेर बसून राहिले होते, समईत तेल कमी होताना बघत, आणि आत जाऊन ते घालता येत नाही म्हणून तळमळत. गणपती पाच दिवसांचा, पण आज संध्याकाळीच विसर्जन करून टाकावं असं ठरत होतं. पोराला वेळेआधी घराबाहेर काढावं तसं म्हाताऱ्यांना ते वाटत होतं.

मी सहज विचारलं, आणि दार असं उघडं का टाकलंय? आत कुणी नाही, बाहेर पाऊस. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देव घरात आसताना आमच्यात दार लावणत नाय. रात्रीसुद्दा नाय."

मी ओट्यावर खालीच बसले. ह्यांनी ऐकलं होतं. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. मला रडू आलं आणि त्या बाईला वाटलं मी त्यांच्या चुलत्यासाठीच रडतेय, म्हणून तीही डोळ्यांना पदर लावून बसली. मग मी सगळं सांगितलं. पेव, डोळा, लॉज, सकाळचा वायदा, सगळं. म्हातारे ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुमका सुतक-वेतक नाय मां?" मी नाही म्हटलं. त्यावर ते उठले, बायकापोरांना शेजारच्या खोल्यांत झोपायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, आत जा.

आमचं नाव काय, जात काय, गाव कोणतं, हे त्यांनी नंतर विचारलं. देव आधी आमच्या हवाली केला. मी हातपाय धुऊन आत गेले, समईत तेल घातलं, वाती पुढे सारल्या. ह्यांनी आरती म्हटली. सगळी भावकी उंबऱ्याबाहेर उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि स्वतःच्या देवासमोर कुणीच आत येत नव्हतं. आरती संपल्यावर म्हाताऱ्यांनी बाहेरूनच तबकातल्या दुर्वांच्या जुडीकडे बोट केलं. "माज्या नावान घाला," म्हणाले. मी ती उचलली. त्यांच्या नावाने दुर्वा वाहिल्या आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा देवाकडे सरळ बघितलं. मागितलं मात्र काही नाही. काय मागायचं तेच सुचेना.

हे दाराच्या समोर, गणपतीच्या डाव्या हाताला चटईवर आडवे झाले. उतारावरून वारा थेट आत येत होता. थोड्याच वेळात ह्यांचा श्वास संथ झाला. मी समईकडे आणि ह्यांच्याकडे आळीपाळीने बघत बसले होते, आणि दोन्हीकडे सारखंच लक्ष ठेवायला हवं असं मला वाटत होतं. बाहेर पायरीवर म्हातारे घोंगडी पांघरून झोपले होते. उघड्या दारातून कुणी यायला नको म्हणून असेल, किंवा देवापासून फार लांब जाववत नव्हतं म्हणून असेल. त्यांचं घर, त्यांचा देव आणि त्यात दोन परकी माणसं, आणि ते गाढ झोपले होते.

सकाळी डॉक्टरांनी पट्टा बांधून रक्तदाब बघितला, खात्री करायला पुन्हा बघितला आणि नर्सला म्हणाले, यांना आजच घ्या. ऑपरेशन चालू असताना ती सून दवाखान्यात आली. सुतक म्हणून बाकाच्या दुसऱ्या टोकाला अंतर ठेवून बसली. तिने मध्येच विचारलं, दुपारच्या नैवेद्याला काय करूया? मला एकदम हलकं वाटलं, कारण आत काय चाललंय यावर माझा काही इलाज नव्हता, पण नैवेद्याचं मी करू शकत होते. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना रात्री थांबू देत नसत. म्हणून ती रात्रही मी समईजवळच काढली. वॉर्ड मोठा होता, खिडक्या ओळीने उघड्या, त्यामुळे ह्यांची चिंता नव्हती. पाचव्या दिवशी मूर्ती समोरच्या गृहस्थांनी डोक्यावर घेतली, आरतीचं तबक माझ्या हातात होतं, आणि भावकी मागून मुक्याने चालत होती. त्यांचा देव पुरे पाच दिवस राहून गेला.

ह्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आम्ही निरोप घ्यायला त्या घरी गेलो. आता दार नेहमीसारखं होतं, अर्धं लोटलेलं. म्हाताऱ्यांनी विचारलं, "दिसता मां?" हे म्हणाले, "होती तेवढी नजर शिल्लक आहे." ते म्हणाले, "तेवढी ऱ्हवली तरी खूप." मग थोडं थांबून म्हणाले, "देवान तुमका धाडल्यान. नायतर आमी त्याका तसोच पोचवलो असतो."

हे काही बोलायला गेले, पण मी ह्यांचा हात दाबला. आम्ही समजत होतो की त्या घराकडे आम्हाला देवाने नेलं, आमच्यासाठी. आणि ते घर समजत होतं की आम्हाला देवाने आणलं, त्यांच्यासाठी. मी त्यांच्या तोंडावर कसं सांगणार होते, की तुमच्याकडे धाडलेली ही बाई त्या दिवशी प्रत्येक मांडवापुढून मान फिरवून चालली होती, त्याचं नावसुद्धा घेत नव्हती? ज्याला धाडलं जातं त्याला ते कळावंच लागतं असं नाही, एवढंच मी त्या ओट्यावर शिकले. कुणी याला योगायोग म्हणतं. मी वाद घालत नाही. त्या दिवसांत मला जे मिळालं त्याची फेड होणार नाही, हे मला माहीत आहे, आणि तेवढं मला पुरतं.

त्यानंतर हे त्याच डोळ्याने बरीच वर्षं पेपर वाचत राहिले. म्हातारे गेल्याचं सुनेच्या पत्रातून कळलं, तेव्हा आम्ही दोघांनी अंघोळ केली. नातं नव्हतं, पण करावीशी वाटली. आपलं सगळ्यांत मोलाचं परक्याच्या हाती सोपवून पायरीवर शांत झोपायचं, हे त्यांना जमत होतं. मला अजून पुरतं जमत नाही. पण हल्ली कुठे वाट अडली, सगळी दारं बंद दिसायला लागली, की चिडण्याआधी मी आजूबाजूला बघून विचारते, इथे कुणाला माझी गरज आहे का? बहुतेक वेळा असते.